न लिहिलेली अडीच मिनिटं

गेली सात वर्षं कॉर्मिएंच्या घरी कुठलंही आमंत्रण आलं की आल्सिद आधी वार विचारायचा. भाचीचं लग्न असो, चर्चमधलं जेवण असो, की पलीकडच्या गावातला पत्त्यांचा डाव. सोमवार किंवा गुरुवार निघाला की तो एकट्याच्या नावाने होकार कळवायचा आणि वर सांगायचा, "बायको येणार नाही. तिला तिच्या माशांना जेवायला घालायचं असतं."

मासे कसले, माशांच्या पेशी, डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढ्या बारीक. कॅनडाच्या पूर्वेकडच्या एका बेटावरच्या समरसाइड गावात, बंद पडलेल्या लष्करी विमानतळाच्या आवारात एक छोटी कंपनी पाळीव सामन माशांसाठी लस बनवायची. लसीला विषाणू लागतो, आणि विषाणू जिवंत पेशींखेरीज कुठेच वाढत नाही. त्या पेशी वाढवायच्या, मोजायच्या, जिवंत ठेवायच्या, हे काम त्याच्या बायकोचं, नोएलाचं. वीस अंशांवर थंड ठेवलेल्या खोलीत एक रुंद तबकडी अहोरात्र गरगरत असे. तिच्यावर चिमट्यांत पकडलेले चोवीस चंबू, बुडाशी रुंद, गळ्याशी निमुळते. आतलं पिवळसर पाणी काचेला घासत गोल फिरायचं. नीट वाढलेल्या चंबूतलं पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ दिसतं. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यातलं थोडं काढून ताज्या पोषकद्रवात घालायचं, विरजण लावावं तसं. याला त्या खोलीत वाटणी म्हणत. एक वाटणी चुकली की पेशी उपाशी पडत, आणि उपाशी पेशी रुसायला वेळ लावत नाहीत.

खरं तर सामनच्या पेशींना तरंगायचं नसतंच. त्यांना कशाला तरी चिकटायचं असतं. काही नाही मिळालं तर एकमेकींना. नोएला यायच्या आधी, नंतर नोकरी सोडून गेलेल्या एका शास्त्रज्ञाने चौदा महिने खपून त्यांना सुटं राहायला शिकवलं होतं. तरी त्या विसरत. मग चंबूत गुठळ्या दिसू लागत, आधी मोहरीएवढ्या, मग मिरीएवढ्या. गुठळीच्या पोटातल्या पेशींना हवा मिळत नाही. निळ्या रंगाचा थेंब घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की जिवंत पेशी रंगाला दाराबाहेर ठेवून लखलखतात, मेलेल्यांत रंग शिरतो. गुठळ्या झालेला चंबू नुसता निळा दिसायचा.

आणि गुठळ्या होत त्या नोएला नसली की.

तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा झाल्या. तिची आई गेली तेव्हा ती एकच गुरुवार चुकली, तेव्हाही झाल्या. गोठवलेल्या कुप्या होत्या, पण त्या वितळवून पेशी पुन्हा वर आणायला दहा आठवडे लागत, आणि दोनदा तर त्या आल्याच नव्हत्या. ओंटारिओतल्या मोठ्या कारखान्यातून एक माणूस काम शिकायला आला. पंधरा दिवस नोएलाच्या पाठीशी उभा राहून त्याने तिचं बोट न् बोट टिपलं, परत गेला, आणि महिन्याभरात त्याने निळ्या पेशींचे फोटो पाठवले.

"हातगुण," मॉरीन म्हणाली होती. मॉरीन मर्नॅहन म्हणजे त्या खोलीचीही प्रमुख आणि कागदांचीही. नोएलाच्याच वयाची, पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे चष्मा शोधणारी. "काही बायकांच्या हातचा पाव फुगतो, काहींच्या हातचा बसतो. कृती तीच."

सगळे हसले होते. नोएलाही हसली होती, कारण कृती तीच नव्हती, आणि हे जगात एकट्या तिला ठाऊक होतं.

ते झालं पहिल्या हिवाळ्यात. नोकरीला तीन महिने झाले होते, सहा महिन्यांच्या करारावर. बाहेर बर्फाचं वादळ होतं आणि वीज जाऊन येऊन होती. गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर बसून ती वाटणी करत होती. हातात चंबू होता, आणि लेखी कृतीचं सातवं कलम सांगत होतं: चंबू फिरवून पेशी एकसारख्या कराव्यात व लगेच काढून घ्याव्यात. तेवढ्यात वीज लपलपली आणि मागची तबकडी थांबून कोकलू लागली. तिने हातातला चंबू नळ्यांच्या खोक्याला कलता टेकवला, उठून तबकडी पुन्हा सुरू केली, चिमटे चाचपले, हातमोजे बदलले आणि परत आली. चंबूतल्या गुठळ्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या, चहाचा चोथा बसावा तशा. वरचं पाणी एकसारखं गढूळ होतं, म्हणजे त्यातल्या पेशी सुट्या होत्या. रस्ता बंद व्हायच्या आत घरी पोचायचं होतं. तिने पुन्हा न ढवळता वरचंच काढून घेतलं.

गुरुवारी मोजणी केली. शंभरातल्या शहाण्णव जिवंत. त्याआधी ऐंशीच्या वर आकडा कधी गेला नव्हता.

तेव्हाच लिहायला हवं होतं. सातव्या कलमापासून फरक झाला, असा फॉर्म भरायचा, वरिष्ठाने सही करायची, बस्स. पण तीन महिन्यांत तिच्या नावावर असे दोन फॉर्म जमले होते, एक सांडलेल्या बाटलीचा आणि एक चुकीच्या तारखेचा. तिसरा झाला की करार पुढे जात नाही, असं तिला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. तिने नोंदपत्रकावर सातव्या कलमासमोर लिहिलं, 'कृतीप्रमाणे केले', आणि सही केली. पुढच्या सोमवारी तिने चंबू मुद्दाम टेकवला. आणि पुन्हा लिहिलं, 'कृतीप्रमाणे केले'.

वर्षभरात ती लेखी कृती सरकारदरबारी जाऊन मंजूर होऊन आली, शिक्क्यासह. आता तिच्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवायचा तर अर्ज लागत होता. नोएलाला पक्की नोकरी मिळाली, नाव शिवलेलं जाकीट मिळालं, आणि सोमवार-गुरुवार मिळाले. त्या खोलीत एक म्हण होती: लिहिलं नाही म्हणजे घडलं नाही. सात वर्षं आठवड्यातून दोनदा ती अडीच मिनिटं घडत होती आणि घडत नव्हती.

त्या एप्रिलमध्ये मिरेयचा फोन आला. मिरेय तिची एकुलती मुलगी, पश्चिमेला अल्बर्टात राहणारी, जिकडे बेटावरची निम्मी तरुण मंडळी जातात. सप्टेंबरच्या अखेरीला बाळ होणार होतं. नवरा तेलखाणीवर, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी.

"मामां, तू येशील ना?" मिरेयने विचारलं. आईला ती मामां म्हणायची. मग स्वतःच घाईने म्हणाली, "नाही जमलं तरी चालेल हं. मला माहीत आहे तुझं."

ते 'माहीत आहे' नोएलाच्या छातीत काट्यासारखं बसलं. मुलगी शाळेत शेवटच्या वर्षाला होती तेव्हापासून हे वार गेले होते. शाळा संपल्याचं पदवीदान गुरुवारी होतं.

दुसऱ्याच दिवशी ती मॉरीनसमोर उभी राहिली. "तीन आठवडे. सप्टेंबरच्या शेवटी. मिरेयला बाळ होणार आहे."

मॉरीन उठून आली आणि तिने नोएलाला घट्ट मिठी मारली. "अगं आजीबाई! आणि हे तू अशा तोंडाने सांगतेस?" मग खुर्चीत परत बसेपर्यंत तिचा चेहरा बदलला. "तीन आठवडे म्हणजे सहा वाटण्या."

"मला मोजता येतं."

"ऑक्टोबरच्या मध्यावर सरकारी तपासनीस येणार. तेव्हा पेशी जिवंत हव्यात. मी नाही म्हणत नाहीये, नोएला. मी कोण नाही म्हणणारी? पेशी म्हणतात."

"मुलीपाशी कुणी नाही. जावई खाणीवर. बाळ काय त्याची सुट्टी बघून येणार आहे?"

मॉरीनने कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधला. "दिविनाला तयार कर. तिच्या हातून सलग आठ वाटण्या नीट पार पडल्या की तू जा. मी स्वतः तुला विमानतळावर सोडीन, वाटेत आइस्क्रीमही देईन."

दिविना चार वर्षांपासून त्या खोलीत होती. फिलिपिन्सहून आलेली, चाळिशीची, कामाला चोख. नोएलाला ती 'आते' म्हणायची. तिच्या भाषेत थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. नोएला चंबू हाताळायची तेव्हा दिविना शेजारच्या यंत्रावर पेशी मोजायची आणि पत्रकावर आकड्यांपुढे सही करायची.

मे महिन्यात शिकवणी सुरू झाली. निम्मे चंबू दिविनाचे, निम्मे नोएलाचे. दिविना कागद समोर ठेवून एकेक कलम पुटपुटत काम करायची. फिरवा. लगेच काढा. तिचा हात नोएलापेक्षा स्थिर होता. पहिल्या तीन वाटण्या बऱ्या गेल्या. चौथीला मोहरी दिसली, पाचवीला मिरी. निळं, निळं, निळं. पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये पुन्हा तेच. जुलैच्या सुरुवातीला दिविनाची बाजू तिसऱ्यांदा बसली, तेव्हा मॉरीन काचेपलीकडून बघून निघून गेली, आणि नोएलाने गुठळ्यांचे चंबू एकेक करून रिकामे केले.

शेवटी एका दुपारी डबा खायच्या खोलीत तिने दार लोटून घेतलं. दिविना भात आणि खारवलेला मासा खात होती. नोएलापुढे कालची रापूर होती, किसलेल्या बटाट्याची आणि डुकराच्या मांसाची, गार झालेली.

"दिविना, एक सांगते. कागदावर नाही ते. काढायच्या आधी चंबू जरा टेकवून ठेव. दोन-अडीच मिनिटं. गुठळ्या खाली बसू देत. मग वरचंच घे."

दिविनाने घास चावून गिळला. "माहीत आहे, आते."

"काय माहीत आहे?"

"तू टेकवतेस ते. आल्यापासून बघतेय. यंत्राच्या काचेत तुझे हात दिसतात. मला आधी वाटायचं, प्रार्थना करतेस की काय."

नोएलाच्या हातातला काटा तसाच राहिला. "चार वर्षं माहीत आहे? मग तू का करत नाहीस?"

"कागदावर नाही ना."

"चेष्टा करू नकोस. तीन वेळा पेशी मेल्या तुझ्या हातून. मी जीव तोडून..."

"चेष्टा नाही करत." दिविनाने डब्याचं झाकण लावलं, कोपरे एकेक करून दाबले. "माझी दोन्ही मुलं सहा वर्षांनी येतायत. नोव्हेंबरमध्ये. धाकटीला मी शेवटची उचलली तेव्हा ती दोन वर्षांची होती. आणि इथे मला जमलं, म्हणजे काय होणार सांग? तू जाशील. तीन आठवड्यांनी परत येशीलच असं काही नाही, आजी झाल्यावर. मग सोमवार-गुरुवार कोण? खोट्या कागदावर सही कोण करणार? दिविना. हातगुणवाली दिविना. तुझ्या गळ्यातलं काढून माझ्या गळ्यात घालतेस होय?"

नोएलाने काटा खाली ठेवला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं-टीं आवाज येत राहिला.

"रागावू नकोस, आते," दिविना हळू म्हणाली. "तू लिहून काढ. कागदावर आलं की मी करते. मग कुणीही करेल, वाटेवरचा माणूसही करेल. माझी सही आकड्यांवर आहे, हातांवर नाही. पण तुझी..."

"माझी सातशे पानांवर आहे."

"हं," दिविना म्हणाली. डबा उचलून ती उठली.

ऑगस्टमध्ये आल्सिदचा शेवंडीचा हंगाम सुरू झाला. तो पहाटे पाचला समुद्रावर जाई आणि दुपारी दोनपर्यंत परत येई. पहिल्याच रविवारी जेवताना नोएलाने त्याला सगळं सांगितलं. तो शेवंडीची नांगी फोडता फोडता ऐकत होता.

"सात वर्षांत तुझ्या त्या टेकवण्याने एक तरी मासा मेला?"

"उलट. लस निघतेय ती त्यामुळेच."

"मग गुन्हा कुठला?"

"लिहिलं नाही हा."

आल्सिदने नांगीतलं मांस काढून तिच्या ताटात ठेवलं. "धन्य आहात. आमच्याकडे पाप करायचं आणि पाद्र्याला सांगायचं. तुमच्याकडे पुण्य केलं तरी अर्ज." मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. "काढून टाकतील?"

"काढतील. किंवा काढणार नाहीत, ते जास्त वाईट. मॉरीनला काय तोंड दाखवू?"

"मॉरीनचं सोड. मिरेयला काय दाखवणार आहेस?"

तो उठून टरफलं टाकायला बाहेर गेला. नोएला ताटातल्या पांढऱ्या मांसाकडे बघत बसली. तिच्या मनात हिशेब चालला होता, आणि तो कुठूनही मांडला तरी त्याच भिंतीपाशी येत होता. गप्प राहिली तर पेशी तिला सोडत नाहीत. बोलली तर माणसं सोडणार नाहीत.

सोमवारी सकाळी वाटणीला बसायच्या आधी तिने फरकाचा कोरा फॉर्म घेतला. 'कधीपासून' या रकान्यात तिने सात वर्षांपूर्वीची जानेवारीतली तारीख घातली. 'वर्णन' या रकान्यात तिने चार ओळी लिहिल्या. 'कारण' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली, आणि मग लिहिलं: भीती.

मॉरीनने फॉर्म दोनदा वाचला. चष्मा डोळ्यांवर होता.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"ओंटारिओचा माणूस पाठीशी उभा होता तेव्हा?"

"तेव्हा तबकडी बघायला म्हणून उठायची. त्याला वाटायचं मी फार काळजी घेते."

"अगं, तुला तोंड नव्हतं का?" मॉरीनचा आवाज फाटला. "मी तुला हातगुण म्हणून मिरवलं! त्या माणसाची नोकरी गेली, माहीत आहे? त्याला जमलं नाही म्हणून."

हे नोएलाला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, सांगितलं की निदान छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

त्याच आठवड्यात तिला शेवटची वाटणी करायला लावली, कॅमेऱ्यासमोर. मॉरीन घड्याळ घेऊन उभी होती.

"किती वेळ थांबायचं हे कसं कळतं तुला?"

"बघून. कोपऱ्यात गोळा झाला की."

"बघून असं मला लिहिता येत नाही."

तीन वेळा मोजलं. दोन मिनिटं पस्तीस, दोन चाळीस, दोन तीस. कागदावर अडीच मिनिटं असं आलं, आणि तो कागद तातडीच्या तात्पुरत्या मंजुरीने लागू झाला. मग नोएलाला खोलीत यायची मनाई झाली आणि दिविनाने नव्या कागदाप्रमाणे काम सुरू केलं. ऑगस्टअखेर आठ वाटण्या सलग पार पडल्या. सत्त्याण्णव. एकदा अठ्ठ्याण्णव. काचेपलीकडून दिविनाने अंगठा वर केला, मग आजूबाजूला बघून पटकन खाली घेतला.

पेशींना आता नोएलाची गरज नव्हती. ती घरी आल्सिदला म्हणालीही, "सुटले." त्याने कपाटावरची सूटकेस खाली काढून ठेवली.

मंगळवारी मॉरीनने तिला कागदांच्या खोलीत बोलावलं. खिडकी नसलेली खोली, मध्ये एक टेबल, भिंतीला लागून खोकी.

"सातशे एकवीस पत्रकं," मॉरीन म्हणाली. आता ती नोएलाच्या डोळ्यांत बघत नसे. "प्रत्येकावर सातव्या कलमासमोर उशिराची नोंद. तुझ्या हाताने. काय केलं, का लिहिलं नव्हतं, आजची तारीख, सही. एकाच कागदावर सगळ्यांची मिळून चालणार नाही, मी वर विचारलं. छापील शिक्काही नाही. तपासनीस यायच्या आत सगळी व्हायला हवीत."

"आणि सुट्टी?"

"ही झाली की तुझी काय ती सुट्टी. नंतर नोकरी राहते की नाही, ते वरचे ठरवतील. मध्येच उठून गेलीस तर मात्र त्यांना ठरवायला काही उरणार नाही."

नोएलाने मनात भागाकार केला. दिवसाला तीस पानं, तर ऑक्टोबर उजाडतो. चाळीस, तर सप्टेंबरअखेर. ती चाळिसाच्या मागे लागली. फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा. निळ्या शाईचं पेन. 'वाटणीपूर्वी चंबू सुमारे अडीच मिनिटे कलता ठेवला. त्या वेळी नोंद केली नाही.' तारीख. नो. कॉर्मिए. पुढचं पान. अक्षर बिघडलं तर एकच रेघ मारून पुन्हा लिहायचं आणि त्या रेघेपाशीही सही करायची. दुपारनंतर बोटं आखडत, पानं तीसवरच थांबत.

सगळ्यांत वाईट होत्या त्या जुन्या तारखा. एकेक गुरुवार तिच्यासमोर येऊन बसत होता. हा नाताळचा, त्या दिवशी दुपारी दोनला घरी पोचली तेव्हा सगळ्यांची जेवणं झाली होती आणि कोंबडीच्या रश्श्यावर साय धरली होती. हा आईच्या आजारपणातला. दवाखान्यात संध्याकाळी गेली, आई झोपली होती. हा मिरेयच्या पदवीदानाचा. त्या पानावर जुनी सही जरा वाकडी आली होती. नोएलाने तिच्याशेजारी नवी सही केली. त्या दिवशी काय केलं आणि काय नाही, याची नोंद करायला रकाना तेवढा एकच होता.

मधल्या सुट्टीत आता कुणी तिच्या टेबलापाशी बसत नसे, दिविना सोडून. दिविना डबा घेऊन यायची, खाली मान घालून जेवायची, आणि जाताना म्हणायची, "किती झाली?"

"दोनशे साठ."

"हात दे." आणि ती नोएलाची बोटं एकेक करून चोळून द्यायची.

बाळ वेळेच्या दहा दिवस आधी निघालं. अर्थात हे नोएलाला लगेच कळलं नाही. ती तीनशे एक्क्याण्णवाव्या पानावर होती. दाराच्या चौकोनी काचेवर टकटक झाली. दिविना उभी होती, डोक्याला अजून प्रयोगशाळेची टोपी, वाटणी टाकून आलेली, आणि नोएलाचा फोन तिने काचेला लावून धरला होता. पडद्यावर मिरेयचे सहा चुकलेले फोन होते आणि एक ओळ: *मामां अंगावरून पाणी गेलं, मी एकटीच आहे, शेजारीण हॉस्पिटलला नेतेय.*

नोएलाने वाचलं. ओळ लिहून झाली होती, तारीख घातली होती, 'नो.' एवढं अक्षर उमटलं होतं. तिने पेन टेबलावर ठेवलं.

समोर बसून दुसरी खोकी तपासणाऱ्या मॉरीनने मान वर केली. "सही राहिली."

"हो."

"नोएला, निदान ते पान पुरं कर. अर्धी सही म्हणजे पान बाद, तुला माहीत आहे." मग तिची नजर काचेकडे गेली. टोपी, फोन, दिविनाचा चेहरा. तिला कळलं. तिच्याही दोन मुली होत्या. "अजून तीनशे तीस उरलीत. मी काही करू शकत नाही गं. खरंच नाही. तू काम अर्धं टाकून गेलीस असं मला लिहावं लागेल."

"लिही," नोएला म्हणाली. ती उठली होती. खुर्चीमागचा स्वेटर तिने ओढून घेतला. "दहा वाजून चाळीस झालेत. वेळही घाल. तेवढं विसरू नकोस, मी विसरले होते."

मॉरीनने हातात पेन घेतलं. लिहिलं मात्र नाही. नोएलाने दार उघडलं तेव्हाही ती तशीच बसली होती.

बाहेर दिविनाने फोन तिच्या हातात कोंबला. "लागलाय. बोल. मी जाते, माझा चंबू टेकवलाय." आणि ती खोलीच्या दिशेने पळाली.

"मामां?" पलीकडे गाडीचा आवाज होता, कुणी अनोळखी बाई 'श्वास घे, श्वास घे' म्हणत होती. "मामां, आज गुरुवार आहे ना? तू कशी काय..."

"गुरुवारच आहे."

"किती वेळ लागेल तुला?"

विमान दुपारी मिळालं तर टोरांटोत बदलायचं, मग एडमंटन, मग पुढे पाच तास रस्त्याने. मिळालं तर. सूटकेस घरी, आल्सिद पाण्यावर, खिशात गाडीची किल्ली आणि निळ्या शाईने माखलेली बोटं. तिने आवारातलं काचेचं दार खांद्याने ढकललं.

"माहीत नाही गं," नोएला म्हणाली. "निघालेय."